‘पेशंटजवळ कोण आहे?’ : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत, सोबत नातेवाईक नसलेल्या रुग्णांचे होणारे हाल.

मा. मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मराठवाड्यातल्या एका गावात मी गेली बारा वर्षे आशा स्वयंसेविका म्हणून काम करते. बाळंतपण घरी नको, सरकारी दवाखान्यात चला, असे मी दारोदार सांगत आले आहे आणि लोक माझ्या शब्दावर येतात. गेल्या पावसाळ्यात माझ्या सासूबाई न्हाणीत घसरल्या आणि उजव्या खुब्याचे हाड मोडले. दिरांनी खासगीत विचारून पाहिले, तर दीड लाख सांगितले. मी १०८ ला फोन लावला. ग्रामीण रुग्णालयातून त्यांना शहराला रेफर केले. पुढचे सतरा दिवस मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, बायकांच्या हाडांच्या वॉर्डात, त्यांच्या पलंगाशेजारी चटई टाकून काढले.

रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एका अधिष्ठात्यांना (डीनना) नोटीस गेली की मिटला, असा हा विषय नाही.

आधी चांगले ते सांगते, कारण ते खरे आहे. आमच्या युनिटचे निवासी डॉक्टर वयाने माझ्या मुलाहून चार-पाच वर्षांनीच मोठे असतील. त्यांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली, हाड कुठे तुटले ते बोटाने दाखवले आणि खुब्याचा गोळा का बदलावा लागणार हे मला समजेपर्यंत सांगितले. पहाटे चारला जेवणाचा डबा उघडून, दोन घास खाऊन ते परत कॅज्युअल्टीत पळताना मी पाहिले आहेत. रात्रपाळीला दोन सिस्टर असायच्या आणि खाली गाद्यांवर झोपलेल्या धरून पन्नासच्या वर पेशंट. तरीही त्यातल्या एका सिस्टरने पायाला वजन लावलेले असताना पाठ कशी उचलायची, कशी पुसायची, चादरीची घडी पाठीखाली का राहू द्यायची नाही, हे मला दोनदा करून दाखवले. सतरा दिवसांत सासूबाईंच्या पाठीला एक फोड आला नाही. ऑपरेशन महात्मा फुले योजनेतून झाले, गोळ्याचा एक रुपया आम्हाला पडला नाही. आज त्या वॉकर धरून अंगणात येतात. हे सगळे ज्यांनी केले त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

मग मी पत्र का लिहिते?

त्या इमारतीत दिवसातून पन्नास वेळा एक वाक्य कानावर पडते : “पेशंटजवळ कोण आहे?” केसपेपर काढायला, पावती फाडायला, रक्ताच्या बाटल्या लॅबमध्ये न्यायला, रिपोर्ट आणायला, ब्लड बँकेत उभे राहायला, ट्रॉली ढकलायला. उत्तर आले तर काम पुढे जाते. नाही आले, तर तो पेशंट तिथेच राहतो.

आम्ही पोहोचलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. १०८ वाल्यांनी सासूबाईंना ट्रॉलीवर घेतले आणि ते दुसऱ्या फोनवर निघून गेले. डॉक्टरांनी तपासले, सलाईन लावले, एक्स-रे लिहून दिला. एक्स-रेची खोली समोरच्या इमारतीत, मधे साठ-सत्तर पावलांचा उघडा रस्ता. पाऊस चालू होता. ट्रॉली न्यायला मामा, म्हणजे वॉर्डबॉय, नव्हते. एकच मामा ड्यूटीवर होते आणि ते ऑपरेशन थिएटरला गेले होते. बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुष थांबू देत नाहीत म्हणून माझे पती आणि दीर ग्रामीण रुग्णालयातूनच शेवटच्या एसटीने परत गेले होते. मी बाटली डाव्या हाताने वर धरली आणि उजव्या हाताने ट्रॉली ओढू लागले. पुढचे एक चाक फिरत नव्हते, तिरके होऊन फरशीला घासत होते. उतारावर, जिथे फरशी संपून डांबर लागते तिथे, चाक खड्ड्यात बसले आणि ट्रॉलीला हिसका बसला. सासूबाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की माझ्या हातातली बाटली खाली आली आणि नळीत रक्त चढले. मोडलेले हाड हलू द्यायचे नाही, हे प्रशिक्षणात मला शिकवले आहे. तरी ते माझ्याच हातून हलले. एका पेशंटची मुलगी पाण्याची बाटली भरायला बाहेर आली होती. तिने ओढणी डोक्याला बांधली आणि दुसऱ्या बाजूने ट्रॉली उचलली. त्या दिवसापासून आम्ही दोघी एकमेकींच्या ट्रॉल्या ढकलत होतो.

आमच्या शेजारच्या पलंगावर साधारण सासूबाईंच्याच वयाची बाई होती. त्याच दिवशी दाखल झालेली, तसेच हाड, तेच युनिट, तेच डॉक्टर. मला फॉर्म भरता येतो, योजनेचे काम पाहणारे आरोग्यमित्र कुठे बसतात ते मला ठाऊक, रेशनकार्ड आणि आधारवरचे नाव जुळले पाहिजे हेही मला माहीत. नवव्या दिवशी सासूबाईंचे ऑपरेशन झाले. त्या बाईजवळ तिची सून होती, तान्हे मूल काखेत, अक्षरओळख नाही. ईसीजी एका मजल्यावर, टू-डी इको दुसऱ्या इमारतीत, रक्ताचे रिपोर्ट तळमजल्यावर, ऑपरेशन झेपेल अशी फिटनेसची सही भुलेच्या ओपीडीत, आणि तीही दुपारी एकच्या आत. ती पोर रोज कुठल्या तरी खिडकीवरून “उद्या या” ऐकून परत यायची. तिच्या सासूचे ऑपरेशन पंधराव्या दिवशी झाले. म्हाताऱ्या माणसाच्या खुब्याचे हाड मोडले की जितके दिवस आडवे पडून जातात तितका छातीत कफ धरण्याचा आणि पाठीला जखमा होण्याचा धोका वाढतो, हे डॉक्टरांनीच मला सांगितले होते. तिच्या पाठीला जखम झाली. यात डॉक्टरांची चूक मला दिसत नाही. तिच्याजवळ लिहिता-वाचता येणारे माणूस नव्हते, एवढेच.

दाराजवळच्या पलंगावर एक आजी होत्या. रस्त्यावर कुणीतरी धडक देऊन गेले होते, पोलिसांनी आणून सोडले. सोबत कोणी नाही. एका सकाळी त्यांचे रक्त काढले आणि नळी टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवली. दुपारी मी सासूबाईंची नळी घ्यायला गेले तेव्हा आजींची तिथेच होती. नाव लिहिलेली चिकटपट्टी एका कोपऱ्यात उचकटली होती. संध्याकाळी पाहिले, तर तिथेच. मी ती लॅबमध्ये नेली, तेव्हा तिथल्या मॅडम म्हणाल्या की आता हे रक्त चालणार नाही, परत काढा. दुसऱ्या दिवशी आजींच्या काळ्यानिळ्या हातात पुन्हा सुई गेली. त्याच वॉर्डात, त्याच आजींचे केस एक सिस्टर ड्यूटी संपल्यावर बसून विंचरत होत्या, घरून आणलेला चहा बशीत ओतून पाजत होत्या. बाहेर लोक मला विचारतात, तिथे सेवा चांगली आहे की वाईट? मी एका शब्दात काय सांगू? माया आहे, विद्या आहे. पण वॉर्डापासून लॅबपर्यंत नळी नेणारे माणूस नाही.

मामा-मावशींना दोष देणारे पुष्कळ भेटतात. एका मावशींनी माझ्याकडेही शौचाचे भांडे द्यायचे पन्नास रुपये मागितले. मला राग आला आणि मी बोलले. नंतर त्या जिन्यात बसल्या होत्या तेव्हा कळले की त्या कंत्राटी आहेत, तीन महिन्यांचा पगार थकला आहे, आणि दोन वॉर्ड एकटीकडे आहेत. पैसे मागणे चूकच. पण कामाचा मोबदला थकणे काय असते हे आम्हा आशांना कोणी सांगायला नको, म्हणून मी पुढे काही बोलू शकले नाही.

२०२३ साली नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले, तेव्हा औषधांचा तुटवडा आणि डॉक्टर-परिचारिकांच्या रिकाम्या जागा यांवर बोलले गेले, आणि ते बोलायलाच हवे होते. चतुर्थ श्रेणीच्या, म्हणजे मामा-मावशींच्या, जागांचा विषय मात्र नेहमी यादीत शेवटी असतो. ९ ऑक्टोबर २०२४ ला एकाच दिवशी राज्यात दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यातली जालना आणि हिंगोलीची तर आमच्याच भागातली. एमबीबीएसच्या जागा वाढल्या याचा आनंद आहे. पण त्या प्रत्येक रुग्णालयात रात्री दोन वाजता ट्रॉली कोण ढकलणार, हे मंजूर पदांच्या कागदावर आहे का, आणि असेल तर ती पदे भरली आहेत का, एवढे आपण स्वतः मागवून पाहावे.

आणखी एक गोष्ट पैशांची आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. ग्रामीण रुग्णालयात आम्हाला खरेच काही पडले नाही. तिथून रेफर होऊन आपल्या विभागाच्या दारात आलो आणि योजनेची मंजुरी येईपर्यंत केसपेपरपासून एक्स-रेपर्यंत पावत्या फाडाव्या लागल्या. दुखणे मोठे म्हणून माणसाला पुढे पाठवतात आणि पुढे गेल्यावर खर्च सुरू होतो. एकाच राज्य सरकारचे हे दोन विभाग आहेत, हे माझ्या गावातल्या बायकांना मी कसे समजावू? त्यात शिक्का नसलेल्या चिठ्ठीवर “हे बाहेरून आणा”. आम्ही अशा चिठ्ठ्यांवर दोन हजार तीनशे रुपये घातले. त्या सुनेने कानातले मोडले.

माझे मागणे मोठ्या बांधकामाचे नाही. प्रत्येक वॉर्डाला, रात्रपाळी धरून, नमुने आणि रिपोर्ट नेण्या-आणण्यासाठी पगारी माणूस असावे, आणि रक्ताची नळी नातेवाइकाच्या हातात देणे बंद व्हावे. कॅज्युअल्टीत चोवीस तास ट्रॉली ढकलणारे निदान चौघे असावेत आणि त्यात बायका असाव्यात. दाखल होतानाच ज्याच्यासोबत कोणी नाही, किंवा ज्याच्या माणसाला लिहिता-वाचता येत नाही, अशा पेशंटच्या केसपेपरवर तशी नोंद व्हावी. योजनेची कागदपत्रे आणि फिटनेसच्या सह्या यांची जबाबदारी समाजसेवा अधीक्षकांच्या कार्यालयाने घ्यावी, नोंद झाल्यापासून, कुणी विचारत येण्याची वाट न पाहता. बाहेरून औषध आणायला लावायचेच असेल, तर ते केसपेपरवर, ‘भांडारात उपलब्ध नाही’ असे लिहून, सहीनिशी लिहावे. २०२१ च्या नियमांनी खासगी शुश्रूषागृहांना रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायला सांगितली आहे. आमच्या वॉर्डाच्या भिंतीवर मला फक्त भेटीची वेळ आणि ‘थुंकू नये’ एवढेच दिसले. ती सनद इथेही लावावी, मराठीत, मोठ्या अक्षरांत, आणि तक्रार कुणाकडे करायची ते खाली लिहावे.

आपण एखाद्या रात्री, कुणाला न कळवता, अकरानंतर अशा कुठल्याही रुग्णालयात या. सोबत अधिकारी नको. फक्त कॅज्युअल्टीच्या बाकावर तासभर बसा आणि ते वाक्य किती वेळा ऐकू येते ते मोजा.

माझ्या यादीत सध्या एक गरोदर बाई आहे. आठवा महिना, रक्तदाब वाढलेला, पायावर सूज. पती ऊसतोडीला गेला आहे, सासू वारली, माहेर लांब. बाळंतपण शहरालाच करावे लागेल असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. मी तिला सोडून येईन, एक रात्र थांबेनही. पण माझ्या भागात आणखी सहा जणी दिवसांत आहेत, मला परत यावे लागेल. तिने काल मला विचारले, “ताई, तुम्ही गेल्यावर माझ्याजवळ कोण?” तिला मी अजून उत्तर दिलेले नाही. आपल्याकडून आले, तर तेच तिला वाचून दाखवीन.

आपली नम्र,
एक आशा स्वयंसेविका