संध्याकाळी सातला तापास?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला स्पेनच्या सहलीचा लेख वाचला. अल्काझारचा राजवाडा, कॅथेड्रल, फ्लामेंको नाच यांबद्दल लिहिलंय ते ठीकच आहे. माझी तक्रार आहे ती शेवटच्या 'खाण्यापिण्याचे हाल' या चौकटीबद्दल. सेव्हिल शहरातलं तापास (बारमध्ये पेयाबरोबर खायचे छोटे पदार्थ) म्हणजे महागड्या बशीत चमचाभर पदार्थ, शाकाहाऱ्यांना ऑलिव्ह आणि पावाशिवाय काही मिळत नाही, शिवाय बार असल्यामुळे कुटुंबाने जाण्यासारखं नाही, म्हणून थेपले-खाकरे बरोबर न्यावेत, असा तिचा सारांश. थेपल्यांशी माझं भांडण नाही. मी बडोद्याच्या दांडिया बाजारातली, थेपले आमच्याही बॅगेत होतेच. पण बाकीचं वाचून राहवलं नाही.

आमचा मुलगा विमानाच्या कामासाठी सेव्हिलला होता. आपल्या हवाई दलाच्या सी-295 विमानांपैकी सोळा तिथे बनवायची आणि चाळीस आमच्या बडोद्यात, असा तो करार. पहिलं विमान 2023 च्या सप्टेंबरात सेव्हिललाच आपल्या ताब्यात दिलं गेलं. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात इथल्या कारखान्याच्या उद्घाटनाला स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ आले, तेव्हा आमच्या गल्लीतल्या पोरांनाही स्पेन नकाशात कुठे ते पाठ झालं. तर मुलाच्या निमित्ताने आम्ही दोघं तिथे उन्हाळ्यात राहून आलो. मी शाकाहारी, अंडं चालतं. ह्यांना मासे चालतात. डुक्कर आणि गाय दोघांनाही नको. म्हणजे स्पेनला जायला अगदी नालायक जोडपं. तरी आम्ही उपाशी राहिलो नाही, उलट ह्यांचा पट्टा एक भोक पुढे सरकला.

आपल्या लेखकाचे हाल का झाले असतील, ते त्यांच्याच एका वाक्यात आहे. 'सात वाजता जेवायला गेलो तर रेस्टॉरंट रिकामं होतं.' अहो, असणारच! स्पेन नकाशावर जवळजवळ इंग्लंडच्या खाली आहे, पण 1940 साली तिथलं घड्याळ एक तास पुढे करून जर्मनीच्या घड्याळाला जुळवलं, ते आजतागायत तसंच आहे. उन्हाळ्यात त्यात आणखी एक तासाची भर पडते. त्यामुळे जूनमध्ये सेव्हिलला सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी जवळपास अडीच वाजता, आणि मावळतो पावणेदहाच्या सुमारास. तिथले लोक दोन-अडीचला जेवतात म्हणजे सूर्याच्या हिशेबाने बाराला जेवतात, आणि रात्री साडेनऊला बाहेर पडतात तेव्हा कुठे जरा वारा सुटलेला असतो. दुपारी चारनंतर स्वयंपाकघरं बंद होतात, ती आठ-साडेआठला उघडतात. संध्याकाळी सातला भर उन्हात जे हॉटेल उघडं असतं आणि दारावर पाएला नावाच्या भाताचे रंगीत फोटो लावून बोलावत असतं, ते तिथल्या माणसांसाठी नसतंच. पाएला मुळात व्हॅलेन्सियाचा आणि दुपारच्या जेवणाचा पदार्थ. तो सेव्हिलमध्ये रात्री मागवून 'भात कोरडा होता' म्हणून छापायचं, यात सेव्हिलचा काय दोष?

आता तापासचं. तापास खायला जाणं म्हणजे एका टेबलापाशी बसून दहा बश्या मागवणं, असा आपल्याकडे समज झालाय. मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांनी तो करून दिलाय. सेव्हिलमध्ये लोक उभ्याने खातात. एका बारमध्ये शिरायचं, कट्ट्याशी जागा करून घ्यायची, एक पेय आणि तिथला जो नावाजलेला पदार्थ असेल तो एखाद-दुसरा मागवायचा, खाऊन झालं की पैसे देऊन पुढच्या बारमध्ये. आमच्या बडोद्यात सेव-उसळ एका दुकानची आणि लीलो चेवडो दुसऱ्याचाच खायचा असतो, तसं तिथेही कुठे काय खायचं हे ठरलेलं असतं. एकाच ठिकाणी सगळं मागवणाऱ्याला निम्म्या गोष्टी बेताच्याच मिळणार.

पदार्थ तीन मापांत मिळतो. तापा म्हणजे एका माणसाला चार घास, मेदिया रासिओन त्याहून मोठी, आणि रासिओन म्हणजे चौघांत वाटून खायची बशी. पुष्कळ ठिकाणी तापा फक्त कट्ट्यावर देतात, बाहेर मांडलेल्या टेबलांवर मोठी मापंच घ्यावी लागतात आणि दरही कधीकधी वेगळा असतो. लेखकांना 'महागडी बशी' भेटली ती अशीच भेटली असावी. कट्ट्यावरचा तापा साधारण तीन ते पाच युरोंत येतो आणि कर त्यातच धरलेला असतो. टिप द्यायचं बंधन नाही. ग्रानादा शहरात तर पेयाबरोबर तापा फुकट येतो. सेव्हिलमध्ये तसा रिवाज नाही, फार तर चार ऑलिव्ह समोर येतील.

सांता कातालिना चर्चजवळ 'एल रिंकोन्सियो' नावाचा बार आहे, 1670 सालापासूनचा. म्हणजे शिवाजी महाराजांनी कोंढाणा परत घेतला त्या वर्षी तिथे गिऱ्हाईक उभं असणार! वरच्या मजल्यावर बसून जेवायची सोय आहे, तिथे अजिबात जाऊ नका. खाली काळपट लाकडी कट्टा आहे. कट्ट्यामागचा माणूस तुम्ही मागवाल त्याचा आकडा तुमच्या समोर लाकडावरच खडूने लिहितो. दुसरं काही मागवलं की त्याखाली दुसरा आकडा. शेजाऱ्याचा हिशेब हातभर पलीकडे. निघताना तो बेरीज मारतो, पैसे घेतो आणि ओल्या फडक्याने पुसून टाकतो. मी बँकेत कॅशवर नोकरी केलेली, त्यामुळे मी दर वेळी उलट बाजूने बेरीज करून पाहायची. चुकला नाही कधी. तोही माझ्याकडे पाहून हसायचा, बहुतेक त्याला कळलं असावं.

तिथे खायचं ते 'एस्पिनाकास कोन गार्बान्सोस', पालक आणि काबुली चणे. हा सेव्हिलचा अस्सल पदार्थ. लसूण आणि पाव ऑलिव्हच्या तेलात तळतात, ते जिरं आणि व्हिनेगर घालून खलात वाटतात, पिमेंतोन, म्हणजे लाल मिरचीची पूड घालतात आणि त्या वाटणात पालक आणि चणे मुरवतात. पहिल्याच घासाला जिऱ्याचा वास आला तेव्हा मी ह्यांच्याकडे पाहिलं आणि ह्यांनी माझ्याकडे. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत शुक्रवारी कॅथलिक लोक मांस खात नाहीत, त्या दिवसांत याला विशेष मागणी असते. म्हणजे त्यांच्या धर्मानेच आपली सोय करून ठेवली आहे. मात्र त्याच उपासाच्या दिवसांत कॉड मासाही भरपूर असतो, तेव्हा विचारून घ्यावं.

वांग्याचे काप तळून त्यावर 'मिएल दे कान्या' घालून देतात. मेनूच्या इंग्रजी पानावर तो मध म्हणून लिहिलेला असतो, पण असते चक्क उसाची काकवी. मालागाजवळच्या फ्रिहिलियाना गावात ती अजून बनते. खारट कुरकुरीत वांगं आणि वर काकवी, हे घरी आल्यावर मी केलं, सुनेने दोनदा घेतलं. बटाट्याचं जाड ऑम्लेट, म्हणजे तोर्तिया, सगळीकडे. त्यात कांदा असावा की नसावा यावरून तिथे घराघरांत दोन तट आहेत. आम्ही कांदेवाले. पाव, टोमॅटो, लसूण आणि तेल घोटून केलेलं गार साल्मोरेखो मूळचं कोर्दोबाचं, पण सेव्हिलच्या उन्हात त्याच्याइतकं पोटाला बरं काही नाही.

आता खरी अडचण सांगते, कारण 'सगळं छान आहे' असं लिहिणंही खोटंच. हॅम, म्हणजे डुकराच्या तंगडीचं खारवलेलं मांस. तिथे हॅमला मांसात धरत नाहीत की काय, असं वाटावं इतकं ते सगळीकडे असतं. 'मांस नाही ना?' विचारलं तर 'नाही' म्हणतात आणि साल्मोरेखोवर उकडलेल्या अंड्याबरोबर हॅमचे तुकडे भुरभुरून आणतात. म्हणून 'सोय वेखेतारियाना', म्हणजे 'मी शाकाहारी आहे', एवढ्यावर थांबू नये, 'सिन हामोन' (हॅमशिवाय), 'सिन आतून' असं एकेक नाव घेऊन सांगावं. आतून म्हणजे ट्यूना. सॅलडमध्ये तो न विचारता येतो, आणि भाजीचं म्हणून दिलेल्या सँडविचमध्येही निघतो. क्रोकेतास दिसायला आपल्या बटाट्याच्या कटलेटसारखी, पण आत बहुधा हॅम. तळणीचं तेल वांग्याला आणि माशाला एकच असू शकतं. ज्यांना हे चालणार नाही, त्यांनी पालक-चणे, तोर्तिया आणि साल्मोरेखोवर राहावं. आणि डोक्यावर टांगलेल्या डुकराच्या तंगड्यांकडे बघायचं नाही असं ठरवून जावं. प्रत्येक तंगडीच्या टोकाला एक छोटी पांढरी वाटी उलट्या छत्रीसारखी खोचलेली असते, वितळणारी चरबी गिऱ्हाइकाच्या टकलावर पडू नये म्हणून. मला पहिल्या दिवशी मळमळलं. पुढे सवय झाली.

ह्यांची मात्र चंगळ होती. कासोन एन आदोबो म्हणून मुशीच्या जातीचा मासा व्हिनेगर, जिरं, लसूण आणि ओरेगानोत मुरवून तळतात. त्याबरोबर खेरेस गावची फिनो किंवा सान्लूकार गावची मान्सानिया, दोन्ही पांढऱ्या वाइन आणि एकदम कोरड्या, म्हणजे गोडी नसलेल्या. गुजरातच्या दारूबंदीचा सगळा अनुशेष ह्यांनी तिथे भरून काढला असं लिहिणार होते, पण हे पत्र टाकायला तेच जाणार आहेत. मी नुसतं सोडापाणी किंवा बिनदारूची बिअर घेत असे. ती तिथे प्रत्येक बारमध्ये मिळते, आणि घेणाऱ्याकडे कोणी वळूनही पाहत नाही.

'कुटुंबाने जाण्यासारखं नाही' हे वाक्य तर मला फारच लागलं. आपल्याकडच्या परमिट रूमचा अंधार मनात ठेवून ते लिहिलेलं दिसतं. सेव्हिलमध्ये त्याच बारमध्ये सकाळी आजोबा कॉफी आणि भाजलेला पाव खातात, आणि रात्री दहाला तिथेच बाबागाडीत पोर झोपलेलं असतं, आई उभ्याने जेवत असते, आजी शेजारच्या बाईशी भांडत असते. आत धूर नसतो, 2011 पासून बारमध्ये सिगरेट ओढायला बंदी आहे. मी एकटीसुद्धा दुपारी गेले आहे. कॅथेड्रलजवळच्या 1850 सालच्या 'कासा मोरालेस'मध्ये पुरुषभर उंचीचे वाइनचे जुने रांजण आहेत, त्यांच्या शेजारी उभी राहून मी तोर्तिया खाल्ली. कोणी 'एकट्याच का?' विचारलं नाही. हा अनुभव माझ्या वयाच्या बाईला आपल्या शहरांत किती ठिकाणी येतो, ते आपण पुरवणीत एकदा छापाच.

मुद्दा सहल कंपन्यांचा आहे. आमच्या ओळखीचं एक कुटुंब आम्ही तिथे असतानाच अशा एका कंपनीबरोबर आलं होतं. 'तापास डिनर समाविष्ट' असं छापलेलं. साडेसहाला चाळीस माणसं एका तळघरात बसवली, प्रत्येकापुढे एकसारखी सहा वाट्यांची थाळी, शाकाहाऱ्यांच्या थाळीत हॅमच्या जागी चीज, आणि साडेसातला बस. त्यांना आम्ही म्हटलं, दहाला या, चालत नेतो. पण सकाळी सहाला निघायचं होतं. असं खाऊन परतलेला माणूस तापास वाईट म्हणणारच. चाळीस जणांना कट्ट्यावर उभं करता येत नाही हे मला समजतं. मग 'डिनर समाविष्ट' करू नका, प्रत्येकाच्या हातात वीस युरो द्या आणि रात्री अकरापर्यंत मोकळं सोडा. कंपनीचाही खर्च वाचेल. सेव्हिलचं जुनं शहर पायी फिरण्याइतकंच आहे, कोणी हरवत नाही. हरवलं तरी बारमध्येच सापडतं.

पुरवणीत दुरुस्ती छापणार असाल तर एवढं त्यात जरूर घ्यावं. ऑगस्टात जाऊ नये. पारा चाळिशी ओलांडतो आणि चांगले चांगले बार मालकाच्या सुट्टीमुळे बंद असतात. ईस्टरच्या आठवड्यात मिरवणुकांमुळे कट्ट्यापर्यंत पोचता येत नाही. रविवारी रात्री आणि सोमवारी निघण्याआधी बार उघडा आहे का ते बघावं. आणि थेपले न्यायचेच असतील तर ते संध्याकाळी सातसाठी ठेवावेत, साडेनऊपर्यंत दम निघत नाही.

कळावे,
एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदे