खालून टॅक्सी, वरून कूपे

श्टुटगार्ट,
रविवार

प्रिय अवधूत,
सप्रेम नमस्कार.

कलोनला बस्तान बसतंय न बसतंय तोच तुला जुनी कूपे, म्हणजे दोन दरवाजांची ऐटबाज गाडी, घ्यायची हुक्की आली, म्हणजे तू सुखरूप आहेस. १५ हजार युरोंत काही मिळेल का, असं विचारलंयस. मिळेल. फक्त यादीतलं पहिलं नाव खोड. बीएमडब्ल्यू ३.० सीएस देखणी आहे, वादच नाही. पण कारमान या बॉडी बांधणाऱ्या कंपनीने घडवलेली ती बॉडी गंजाला आवतण देणारी. तुझ्या पैशांत जी येईल तिच्यात मूळ पत्रा शोधावा लागेल.

जुनी कूपे बघायला गेलो की मी आधी एकच विचार करतो : हिच्या खाली कुठली साधी गाडी दडलीय? कारण परवडणाऱ्या बहुतेक कूपे कुठल्या तरी घरगुती गाडीवर बेतलेल्या असतात. इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन त्या साध्या गाडीचं, म्हणून त्याचे पार्ट आजही मिळतात आणि खिशाला झेपतात. काचा, दरवाजे, रबर, पट्ट्या मात्र फक्त कूपेच्या. त्या थोड्याच बनल्या, आणि खरी कात्री तिथेच लागते. लोक उलटं करतात. इंजिनाचा आवाज ऐकत अर्धा तास उभे राहतात आणि काच खाली-वर करून बघत नाहीत.

म्हणून माझं मत सरळ मर्सिडीजच्या १२४ कूपेला. १९८७ ते १९९६ अशी ही गाडी निघाली. चार दरवाजांची १२४ तुला नवी नाही. १९९५ मध्ये आपल्या पुण्यात टेल्कोच्या कारखान्यात मर्सिडीजने जुळवायला सुरुवात केली ती हीच. इथे जर्मनीत तिने टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षं रस्ते झिजवले. कूपेचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, त्या चार दरवाजांच्या सेदानपेक्षा साडेआठ सेंटिमीटरने कमी, आणि मधला खांब काढून टाकलेला. चारही काचा खाली केल्या की बाजू अख्खी मोकळी. दार लावून किल्ली फिरवली की एक छोटा हात पुढे येऊन सीटबेल्ट हातात देतो. पुढचा एकच वायपर उड्या मारत काचेचा ८६ टक्के भाग पुसतो, ते बघायला मला अजून मजा येते. मागे दोनच सीट आहेत, पण तुझी दोन पोरं मावतील. डिकी मोठी आहे, हे वहिनींना आधी सांग, बाकीचं मग.

इंजिनांत २३० सीई चार सिलिंडरची, शांत आणि टिकाऊ. मी मात्र ३०० सीईच बघ म्हणेन, सहा सिलिंडरची, साधी बारा व्हॉल्व्हची. १९९२ नंतरच्या नव्या इंजिनांमध्ये वायरिंगचं आवरण काही वर्षांत ठिसूळ होऊन गळून पडतं. वायरिंगचा सगळा जुडगा (हार्नेस) बदलल्याची पावती दाखवत असतील तरच त्या गाडीकडे वळ. त्या काळातल्या गाड्यांचा रंगही गंजापुढे लवकर हार मानतो, असं इथले जुने मेकॅनिक सांगतात, आणि मला ते पटतं.

गंज बघायचा तो वरून नाही. खालच्या बाजूला प्लॅस्टिकचं आवरण आहे, त्याच्या आत जॅक लावायच्या जागा आहेत, तिथे बोट घालून बघ. पुढचे मडगार्ड आणि मागच्या काचेची कड बघ. मग चारही काचा खाली-वर करून घे, मागच्या दोन विशेषतः. अडखळली तर मोटर की पट्टी, ते मालकाला नीट विचार. दाराची रबरं चिरली असतील तर त्यांचा आजचा भाव विचारून घे आणि मगच घासाघीस कर. त्या भावाने मला एकदा घामच फुटला होता.

बाकीच्या गाड्यांनाही हीच फूटपट्टी लाव. पोर्शे ९२४ ला लोक नाकं मुरडतात, कारण तिचं दोन लिटरचं इंजिन मूळचं आउडीचं. अरे, म्हणूनच तर ती आपल्या आवाक्यात आहे! शिवाय गिअरबॉक्स मागे, त्यामुळे वळणावर तोल सुरेख. तिची धाकटी बहीण ९४४ जास्त जोरकस, पण टायमिंग बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात. बेल्ट कधी बदलला ते कागदावर नसेल तर परत फिर. फियाट कूपे क्रिस बँगलने काढलेली, खाली फियाटच्याच साध्या टिपोची चौकट. पाच सिलिंडरवाल्या टर्बोला बेल्ट बदलायला इंजिन बाहेर काढावं लागतं, एवढं लक्षात ठेव. प्यूजो ४०६ कूपे पिनिनफरिना या इटालियन डिझाइन कंपनीची, माझ्या मते आज सगळ्यात स्वस्त सौंदर्य तेच. पण सगळ्यात जुनी १९९७ ची, त्यामुळे जुन्या गाड्यांच्या एच नंबर प्लेटचं गणित तिला उशिरा लागू होतं.

ते गणित असं : गाडी ३० वर्षांची आणि मूळ रूपात असली की एच प्लेट मिळते. मग कर वर्षाला सरसकट १९१.७३ युरो. एरवी प्रदूषणाच्या युरो १ गटातल्या पेट्रोल गाडीला दर १०० सीसीला १५.१३ युरो, म्हणजे तीन लिटरच्या गाडीला ४५० च्या वर. शिवाय एच प्लेटला शहरातल्या पर्यावरण क्षेत्रात वेगळं स्टिकर लागत नाही, कलोनमध्ये राहून हे मोलाचं.

जाहिरातीतल्या ‘अवस्था २’ वर जाऊ नकोस. इथे १ (उत्तम) ते ५ असे गुण देतात आणि विकणाऱ्याच्या तोंडचा २ बहुधा ३ असतो. स्वतंत्र मूल्यांकनाचा कागद, ट्यूफ या गाडी तपासणाऱ्या संस्थेचे जुने अहवाल आणि शिक्के मारलेली सर्व्हिसची वही, हे तिन्ही एकमेकांशी जुळतात का ते बघ. किलोमीटर जास्त असले तरी मी घाबरत नाही. पाच-सहा वर्षं गॅरेजमध्ये न हललेल्या गाडीला घाबरतो. एसेनचं टेक्नो क्लासिका आणि आमचं रेट्रो क्लासिक्स ही जुन्या गाड्यांची प्रदर्शनं फिरायला छान, पण तिथल्या किमती सजवलेल्या असतात. खरी गाडी पहिल्या मालकाच्या गॅरेजमधून मिळते.

आणि १५ हजार आहेत म्हणून १५ ची घेऊ नकोस. ११-१२ ची घे, उरलेले पहिल्या वर्षासाठी राख. परतताना ती पुण्याला नेऊ, हेही मनात आणू नकोस. ३ वर्षांपेक्षा जुनी वापरलेली आणि डाव्या स्टिअरिंगची अशी गाडी आपल्याकडे सहसा आणता येत नाही. इथेच चालवायची, इथेच विकायची.

हायलब्रॉनजवळ एका निवृत्त गृहस्थांची १९८९ ची ३०० सीई विक्रीला आहे, गडद निळी, पहिला मालक. शनिवारी सकाळी बघायला जाणार आहे. येतोस का? शुक्रवारी रात्रीच आमच्याकडे मुक्कामाला ये; मी टॉर्च आणि चुंबक घेतो, तू जुने कपडे आण, गाडीखाली तुलाच झोपायचंय. आणि त्यांना फोन केलास तर भावाचं अवाक्षर काढू नकोस. गाडी न बघता किंमत पाडणारा माणूस इथल्या म्हाताऱ्यांना अजिबात खपत नाही, ते सरळ फोन ठेवतात.

वहिनींना नमस्कार, पोरांना पापा.

तुझा,
श्रीरंग