आपदा मित्रांना सराव हवा, तोही आपल्याच गावच्या पाण्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मॉन्सूनपूर्व तयारीच्या बैठका सुरू झाल्या की आपदा मित्रांच्या, म्हणजे आपत्तीत मदतीला धावणाऱ्या प्रशिक्षित स्वयंसेवकांच्या, याद्या बाहेर निघतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये ही योजना आणली आणि २०२१ मध्ये ३५० जिल्हे व एक लाख स्वयंसेवक असा तिचा विस्तार ठरवला. बारा दिवसांचे प्रशिक्षण, एक किट, एक प्रमाणपत्र. योजना चांगलीच आहे. एनडीआरएफची तुकडी येईपर्यंतचे पहिले काही तास गावालाच निभवावे लागतात, हे तिने मान्य केले. पण एकदा शिकलेले हात दोन पावसाळे रिकामे राहिले की विसरतात, यादीतला आकडा मात्र तसाच राहतो. कृष्णा-पंचगंगा काठच्या प्रत्येक पूरप्रवण गावात दर मे महिन्यात दोन दिवसांचा सराव सक्तीचा करावा आणि तो गावच्याच बोटीवर घ्यावा, अशी आमची मागणी आहे.

८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसे काढणारी बोट उलटली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. अशा वेळी चालकाला बोट हाकता येते की नाही, हा प्रश्न नंतरचा. काठावर दीडशे माणसे पाण्याकडे बघत उभी असताना "आता बस, पुढच्या फेरीला या" हे त्याला म्हणता येते का, हा पहिला. म्हणून सरावात गावातल्याच पंचवीस-तीस जणांना गलका करत बोटीवर धावून यायला सांगावे आणि चालकाला नाही म्हणायला लावावे. क्षमतेचा आकडा बोटीच्या दोन्ही बाजूंना हातभर अक्षरांत लिहावा. त्यात चालक आणि मदतनीस धरलेले असतात, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. शिवाय हा हिशोब संथ पाण्याचा आणि रिकाम्या हातांचा. ओली बोचकी, धान्याची पोती, शेळ्या आत आल्या की माणसे त्या मानाने कमी करायची. पाण्याला ओढ असेल तर आणखी दोन कमी. सगळ्यांनी तळाला बसायचे, हवा भरायच्या या बोटीच्या कडेच्या फुगलेल्या नळीवर नाही. काठ आला की सगळी एकदम उठून एका बाजूला झुकतात, म्हणून बोट बांधून होईपर्यंत कुणी उठायचे नाही आणि मग एकेकाने उतरायचे. चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची नावे लिहायला दोन्ही काठांवर वहीसह एकेक माणूस हवा. नाहीतर संध्याकाळी कोण राहिले आणि कोण नातेवाइकांकडे गेले, याचाच घोळ होतो.

बोट आणि इंजिन वर्षभर ग्रामपंचायतीच्या खोलीत पडून असते. बोटीच्या प्रत्येक कप्प्यात हवा भरून झडपा आणि सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत, मग बोट रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी कोणता कप्पा मऊ पडला ते कळते. उन्हात टणक भरलेली बोट गार पाण्यात सोडली की सैल पडते, म्हणून पाण्यात उतरवल्यावर पुन्हा पंप मारावा लागतो. इंजिन बंद पडण्याचे नेहमीचे कारण शिळे पेट्रोल. गेल्या सप्टेंबरपासून टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो, त्यात हल्लीचे इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतला ओलावा ओढून घेते. काम संपले की इंधनाची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवले तर कार्बोरेटर रिकामा होतो. अर्थात तेव्हा त्याला थंड करणारे पाणी मिळत राहिले पाहिजे. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात तेलाचे प्रमाण पुस्तिकेत असेल तेच ठेवावे; बहुतेक ठिकाणी ते ५० लिटरला १ लिटर असते. इंजिन चालू असताना मागून पाण्याची बारीक पिचकारी उडत राहते. ती थांबली की गाळाने किंवा प्लास्टिकने तोंड बुजले आणि इंजिन तापते आहे असे समजून ताबडतोब बंद करावे. ओढली गेली की इंजिन बंद पाडणारी लाल दोरी चालकाच्या मनगटाला अडकवलेली हवी. ती इंजिनालाच गुंडाळून ठेवण्याची पद्धत घातक आहे, कारण चालक पाण्यात पडला तर पंखा फिरतच राहतो.

आपल्याकडचा पूर नदीपात्रापुरता नसतो. फुगीचे, म्हणजे मागे तुंबून पसरणारे, पाणी उसात, नदीकाठच्या मळीच्या शेतात आणि गल्लीत शिरते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ ही धोका पातळी. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. एवढ्या पाण्यात विहिरी, कुंपणाच्या तारा, द्राक्षबागेचे मांडव दिसत नाहीत आणि विजेच्या तारा बोटीतल्या माणसाच्या डोक्याशी येतात. उन्हाळ्यातच चालकांनी शिवार पायी फिरून हे सगळे नकाशावर उतरवावे आणि बोटीचा मार्ग ठरवावा. त्या मार्गावरचा वीजपुरवठा खरोखर बंद केला आहे, याची महावितरणकडून खात्री झाल्याशिवाय बोट सोडू नये. सराव बंधाऱ्याच्या वरच्या संथ पाण्यात, बंधाऱ्यापासून लांब घ्यावा. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी खाली उलटे फिरते आणि माणसालाच काय, बोटीलाही आत ओढून धरते.

पोहणाऱ्या पोरांना थेट उडी टाकायची सवय असते, ती मोडावी लागते. आधी हाक, मग काठी, मग दोरी, मग बोट. पाण्यात उतरणे सर्वांत शेवटी. दोरी तरंगणारी, पॉलीप्रॉपिलीनची, पंधरा-वीस मीटरची हवी. नायलॉनची बुडते. ती मनगटाला गुंडाळायची नाही की कमरेला बांधायची नाही, नाहीतर काढणाराही जातो. लाइफ जॅकेट घातल्यावर खांद्यांना धरून वर उचलून पाहावे. ते कानापर्यंत आले तर पट्टे ढिले आहेत. लहान मुलांच्या मापाची जॅकेटे किटमध्ये नसतात, ती वेगळी घ्यावी लागतात. गुऱ्हाळाची काहिल, म्हणजे गूळ शिजवायची मोठी पसरट कढई, आपल्या भागात अडीनडीला होडी म्हणून वापरतात. संथ पाण्यात ते ठीक, पण ओढीच्या पाण्यात ती भोवऱ्यासारखी फिरते आणि एका बाजूला भार पडला की उलटते.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर पालथा घालून पोट दाबण्याची किंवा गरगर फिरवण्याची पद्धत अजून गेलेली नाही. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले अन्न छातीत जाण्याची भीती असते. श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास द्यावेत, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० या गतीने. हेही पुतळ्यावर दर वर्षी करून पाहावे लागते.

या सरावाला फारसा खर्च येत नाही. तीस-चाळीस अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण वेगात तासाला पंधरा लिटरच्या आसपास पेट्रोल पिते. दोन दिवसांत मिळून चार तास बोट फिरवली तरी साठ लिटर. तेवढी तरतूद ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत धरावी, आणि पूर नसताना पेट्रोल कशाला लागले, असा शेरा मारून ते बिल तालुक्याला अडवू नये.

— काही पूर-बचाव प्रशिक्षक, जि. सांगली