भंगारात काढण्याआधी: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

सोलापुरात माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. शाळांच्या लॅबची कामं येतात. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट, संपला, तेव्हापासून मुख्याध्यापकांचा एकच प्रश्न: हे पीसी आता भंगारात घालायचे का? विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा, थोडे अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. ठणठणीत चालणारी मशिनं तेवढ्यावरून बाद होतात.

मी सांगतो, घालू नका. एसएसडी (वेगवान डिस्क) टाका, रॅम वाढवा आणि विंडोजऐवजी डेबियन किंवा लिनक्स मिंट ही लिनक्सवरची मोफत सिस्टिम बसवा. लगेच शंका येते: फुकटची, हौशी लोकांनी केलेली सिस्टिम टिकणार का?

सगळ्या टिकणार नाहीत. हायकू नावाच्या अशाच एका सिस्टिमचं काम २००१पासून चाललंय, अजून बीटा, म्हणजे चाचणीच्या टप्प्यात आहे. विंडोजचे प्रोग्रॅम चालवू पाहणारं रिअ‍ॅक्टओएस त्याहून जुनं, तरी अल्फातच, म्हणजे बीटाच्याही आधीच्या टप्प्यात. त्या मंडळींबद्दल मला आदर आहे, पण शाळेत मी या दोन्ही बसवणार नाही. डेबियनची गोष्ट वेगळी. १९९३पासून स्वयंसेवकच ती चालवतात आणि उबंटू ही दुसरी लिनक्स सिस्टिम तिच्यावरच उभी आहे. खालचं लिनक्स कर्नल, म्हणजे या सिस्टिमचा गाभा, तर आज बहुतांशी कंपन्यांचे पगारी इंजिनिअर लिहितात, त्यामुळे ‘हौशी’ म्हणणंही अर्धंच खरं. जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक २०१७पासून लिनक्सवर चालतात. टेबलावरच्या पीसीत मात्र लिनक्सचा वाटा अजून किरकोळ आहे. माझ्या अनुभवात गाडी अडते ती प्रिंटरच्या ड्रायव्हरपाशी (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर), डिजिटल सिग्नेचरच्या यूएसबी टोकनपाशी आणि ‘विंडोजसह’ असं आधीच छापलेल्या निविदेपाशी.

आपल्या सोलापुरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू, उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. लिनक्सवर एकाच मशिनवर प्रत्येक मुलाचं लॉगिन वेगळ्या भाषेत उघडता येतं. विंडोजमध्येही या भाषा आहेत, ते मान्य. पण लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरचा मराठी मेनू चुकीचा वाटला, तर आमच्या इथला शिक्षक दुरुस्ती पाठवू शकतो आणि ती पुढच्या आवृत्तीत येऊ शकते. त्यासाठी कंपनीची परवानगी लागत नाही. मराठीची काळजी वाहणाऱ्या सरकारला हे इतकी वर्षं कसं दिसलं नाही, कोण जाणे.

केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं मुक्त (कुणालाही वापरता-बदलता येणाऱ्या) सॉफ्टवेअरवर शिकवतात, कारण तिथे आधी शिक्षक तयार केले. उलट, जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने हजारो पीसी लिनक्सवर नेले आणि २०१७मध्ये विंडोजकडे परतायचं ठरवलं. नुसती सिस्टिम बसवून भागत नाही, मागे राजकीय पाठबळ लागतं. ते माझ्या दुकानात मिळत नाही, म्हणून आपल्याला लिहितोय.

निविदेत कंपनीचं नाव नको, काय काम हवं ते लिहा. प्रिंटर-स्कॅनर लिनक्सवर चालला पाहिजे, ही अट घाला. पुरवठादार कुरकुरतील, पण मोठी ऑर्डर दिसली की ड्रायव्हर सापडतो. प्रयोगाला अक्कलकोट तालुका घ्या, तिथे मराठी आणि कन्नड दोन्ही माध्यमं आहेत. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा खर्च नव्या पीसींच्या तरतुदीतूनच काढा. आणि त्याचा निकाल हाती येईपर्यंत जिल्ह्यातले जुने संगणक निर्लेखित करण्याचे प्रस्ताव मंजूर करू नयेत, ही विनंती.

आपला,
सोलापूरचा एक संगणक दुरुस्तीवाला