बरण्या भरायच्या आधी तपासणी करून घे

मात्सुमोतो, नागानो
कोजागरीनंतरचा शनिवार

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आई, फोनवर मी तपासणीचं नाव काढलं की तू विषय बदलतेस. "मला काय धाड भरलीय? दिवाळी होऊ दे, मग बघू," म्हणतेस आणि लगेच चकलीची भाजणी कशी झालीय ते सांगायला लागतेस. म्हणून या वेळी सविस्तर लिहायला बसले. दादाला हे पाठवते, तो छापून देईल. कागदावरचं तू दोनदा वाचतेस, हे मला ठाऊक आहे.

ठाण्यात ऑक्टोबरचं ऊन चांगलंच तापलं असेल. इथे पहाटे स्वेटर लागतो. पश्चिमेच्या डोंगरमाथ्यांवर बर्फाची पहिली रेघ उमटली आहे. आमच्या गल्लीत जिकडेतिकडे काकी वाळत घातल्यात. काकी म्हणजे ते नारिंगी फळ, मागच्या वर्षी फोटो पाठवला होता बघ. यातली एक जात इतकी तुरट असते की चावा घेतला तर जीभ आखडते. पण तीच वाळवली की खजुरापेक्षा गोड लागते. देठाला छोटी काडी ठेवूनच ती तोडायची, म्हणजे दोरी बांधता येते. मग साल काढायची, उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवायची म्हणजे बुरशी धरत नाही, आणि पागोळीखाली वाऱ्याला टांगायची. आठवडाभराने वरचा भाग सुकला की प्रत्येक फळ बोटांनी हलकं चेपायचं. महिना-दीड महिन्यात आतली साखर बाहेर येते आणि वर पांढरी भुकटी धरते. तुरटपणा कुठे जात नाही म्हणतात, फक्त जिभेला लागत नाही, कारण तो विरघळेनासा होतो. तू असतीस तर पहिल्याच दिवशी शेजारच्या आजींकडून सुरी मागून घेतली असतीस.

या आजींनीच मला नोझावाना खारवायला शिकवलं. ही सलगमच्या जातीची पालेभाजी, पानं चांगली हातभर लांब. नोव्हेंबरात थंडी कडक झाली की ती काढतात, गार पाण्यात जुड्या धुतात, पिंपात एक थर भाजीचा आणि वर मीठ असं रचत जातात आणि शेवटी त्यावर दगड ठेवतात. दुसऱ्या दिवसापर्यंत भाजीचंच पाणी वर येतं. ते आलं नाही तर आजी कासावीस होतात. लिंबाच्या लोणच्याला खार सुटेपर्यंत तूही अशीच बरणी हलवत बसतेस की. त्यांच्या पिंपाला दादरा नाही आणि हळद-तिखटही नाही. पण हात कोरडे आहेत का, हे त्या तुझ्याच आवाजात विचारतात.

आता मूळ मुद्द्यावर येते. या आजी भाजी खारवायच्या आधी स्वतःचा तपासणीचा अहवाल आणून ठेवतात. "रक्तदाब किती ते कळल्यावर मिठाचं ठरवू," असं त्या मला अगदी सहज म्हणाल्या. मला ते फार आवडलं. आपल्याकडे मीठ हातानेच पडतं आणि रक्तदाबाचं नंतर बघतात.

हे इथल्या लोकांच्या अंगी एकाएकी आलेलं नाही. नागानोला समुद्र नाही. पूर्वी मीठ समुद्रकिनाऱ्यावरच्या इतोइगावाहून डोंगरवाटेने मात्सुमोतोपर्यंत यायचं, त्या वाटेला आजही मिठाची वाट म्हणतात. हिवाळा लांबलचक, म्हणून भाजी खारवून ठेवायची आणि सहा महिने तीच खायची. त्यामुळे पक्षाघाताने माणसं फार दगावायची. इथून पलीकडच्या साकू भागात डॉ. तोशिकाझू वाकात्सुकी १९४५ साली आले. रुग्णालयात बसून पेशंटची वाट बघण्यापेक्षा ते गावोगाव गेले, आरोग्यावरची नाटकं बसवून लोकांना दाखवली, आणि १९५९ पासून याचिहो नावाच्या गावात सगळ्या गावाची दरवर्षी तपासणी सुरू केली. दुखणं अंगावर काढणाऱ्या शेतकरी बायका त्यात पहिल्यांदा डॉक्टरांसमोर आल्या. पुढे गावातल्या बायकाच घरोघरी जाऊन मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, सूपमधलं मीठ मोजायला लागल्या. लोणची काही बंद झाली नाहीत, त्यातलं मीठ उतरलं. २०१० च्या आकडेवारीत जपानच्या ४७ प्रांतांमध्ये आयुर्मानात नागानोचे पुरुषही पहिले होते आणि स्त्रियाही.

बाबा, तुम्ही जामखेडच्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांच्याबद्दल आम्हाला सांगायचात. गावातल्याच बायकांना शिकवून त्यांनी आरोग्याचं काम उभं केलं. वाकात्सुकींना मॅगसेसे पुरस्कार १९७६ साली मिळाला आणि आरोळे दाम्पत्याला १९७९ साली. हे वाचलं तेव्हा तुम्हाला सांगायची मला घाई झाली होती. म्हणजे आई, हे काही जपानी खूळ नाही. आपल्या नगर जिल्ह्यातही बायकांनी हे करून दाखवलंय.

माझी यंदाची तपासणी गेल्या आठवड्यात झाली. इथे १९७२ च्या कायद्यानुसार नोकरीतल्या माणसाची वर्षातून एकदा तपासणी मालकालाच करून घ्यावी लागते. आमच्यासारख्या घरी असणाऱ्यांसाठी २००८ पासून वेगळी योजना आहे, वय ४० ते ७४. पत्रपेटीत पाकीट येतं. आत कुपन, प्रश्नांचा कागद, आणि आदल्या रात्रीपासून काय खायचं नाही ते लिहिलेलं असतं. उंची, वजन, रक्तदाब, रक्त, लघवी, आणि कमरेचा घेर टेपने. पुरुषांचा घेर ८५ सेंटिमीटर आणि बायकांचा ९० झाला की पुढची चौकशी सुरू होते. यांचा घेर काठावर आहे, त्यामुळे सध्या संध्याकाळी आम्ही दोघं नदीकाठाने चालतो.

पोटाच्या एक्स-रेसाठी बेरियम प्यावं लागतं. आधी फसफसणारी पूड, मग ते लस्सीइतकं दाट पांढरं पाणी, आणि वर बजावतात की ढेकर द्यायची नाही. मग टेबलावर आडवं करून टेबलच तिरकं करतात, उजवीकडे वळा, डावीकडे वळा. संपल्यावर जुलाबाच्या गोळ्या देतात आणि दिवसभर पाणी प्यायला सांगतात. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी. थोडं दुखतं, पण मिनिटाचं काम आहे. बाई तंत्रज्ञ फार हळुवार वागली. माझं सगळं ठीक आलंय, काळजी करू नका. लोह थोडं कमी आहे, म्हणून तिळाचे लाडू आणि पालक वाढवलाय.

तपासणी केंद्राच्या बाहेर माझ्या टेमारीच्या वर्गातल्या दोघी भेटल्या. टेमारी म्हणजे दोऱ्याचे चेंडू. मात्सुमोतोची ती जुनी कला, इथल्या रस्त्यांवरच्या गटारांच्या झाकणांवरही त्यांची नक्षी आहे. आत भाताचा तूस भरायचा, दोरा गुंडाळत गोल करायचा, कागदाच्या पट्टीने मापून टाचण्या लावायच्या आणि मग रंगीत दोऱ्याने फुलं भरायची. टाचणी जराशी सरकली तरी शेवटची पाकळी बसत नाही. आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात शुक्रवारी आम्ही जमतो. हात चालू असतात आणि बोलणं चालतं कोणाचं कोलेस्टेरॉल किती आलं, कोणाला पुन्हा बोलावलंय, याचं. ज्या काकूंना पुन्हा बोलावलं होतं, त्यांच्याबरोबर दुसरी एक आपणहून रुग्णालयात गेली. एकटीला बसवत नाहीत.

हिवाळ्यात तिथेच साशिको शिकवतात. निळ्या कापडावर पांढरा दोरा, आणि टाका कोणता? आपला धावदोरा! उत्तरेकडच्या थंड मुलखात कापूस पिकत नसे. मग जुनी कापडं विकत घेऊन थरावर थर ठेवून शिवायचे, ऊब यावी आणि कापड टिकावं म्हणून. भांगेच्या पानाची नक्षी बाळाच्या अंगड्यावर भरतात, कारण ते झाड सरळ आणि भराभर वाढतं. मी त्यांना आजीच्या गोधडीचा फोटो दाखवला, नऊवारीच्या चार थरांची, कडेपासून आत चौकोनात धावदोरा घातलेली. सगळ्या जणी चष्मे लावून टाके बघत राहिल्या. दोन टाक्यांमधलं अंतर एकसारखं कसं, असं विचारत होत्या. मला फार अभिमान वाटला.

आणि आजीचीच आठवण झाली. पायाची जखम भरेना, तेव्हा कुठे तिची साखर मोजली गेली. तोवर किती वर्षं ती "मला काही होत नाही" म्हणत घरभर राबत होती. साखर आणि रक्तदाब दुखत नाहीत, म्हणून तर ते मुद्दाम शोधावे लागतात. आई, तिचीच मुलगी आहेस तू. पासष्टी ओलांडलीस आणि स्वतःसाठी शेवटची रक्त तपासणी कधी केलीस हे तुलाही सांगता येत नाही. बरणीच्या तोंडाशी पांढरं दिसलं तर तू त्याच दिवशी उन्हात ठेवतेस. मग तुझ्या पायाला रात्री मुंग्या येतात, हे मला वहिनीकडून कळावं?

तेव्हा फराळाला बसायच्या आधी एक सकाळ द्या. दोघांनीही. दादाला मी सांगितलंय, लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त घेऊन जाईल. आदल्या रात्री नेहमीसारखं जेवा, मग सकाळपर्यंत फक्त पाणी. उपाशीपोटी साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन. आई, तुझी मॅमोग्राफीसुद्धा, वहिनी बरोबर येणार आहे. तिशीनंतर रक्तदाब, साखर आणि तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कर्करोग तपासायची सोय सरकारी आरोग्य केंद्रांतही असते. कामाला येणाऱ्या मावशींनाही सांग, त्यांना कोण सांगणार?

बाबा, दिवसभराचं मीठ सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत हवं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचं सोडू नका, आईच्या हातचं आहे. पण दोन्ही जेवणांत मिळून एकच फोड, आणि पापड त्या दिवशी नाही. आकाशकंदिलाच्या कामट्या तासायला गॅलरीत बसाल तेव्हा स्टूलवर चढू नका, वर बांधायला दादा आहे. कागद कोणत्या रंगाचा आणलात ते कळवा.

जांभळी नाक्यावर चांगले आवळे आले की मोरावळा घाल, यांच्या ऑफिसातले एक जण जानेवारीत मुंबईला येणार आहेत, त्यांच्याकडे छोटी बरणी देता येईल. मी त्यांच्या हाती सुकवलेल्या काकी पाठवते. फार गोड असतात, तेव्हा किती खायच्या ते आधी रिपोर्ट बघून ठरवू. रिपोर्टचा फोटो आला की मी इथल्या डॉक्टरांनाही दाखवीन.

दादा-वहिनीला नमस्कार, पिल्लूला पापा.

तुमची लेक,
मनू