काका, त्या तीन मायक्रोॲम्पियरसाठी मनापासून आभार

काका, नमस्कार. फोनवर नीट बोलता आलं नाही म्हणून इथंच सगळ्यांसमोर लिहितोय.

जुलैत कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये टेस्टिंगला बसलेला मी, १ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर ५ केव्ही डीसीवर ठेवला की लिकेज, म्हणजे त्यातनं गळणारा करंट, अर्ध्या मायक्रोॲम्पियरच्या आत यायला पाहिजे आणि मीटर दाखवतोय साडेतीन, असे ३८ पीस मी रिजेक्टमध्ये टाकले आणि मालक तर अख्खा लॉट परत पाठवायला निघालेले. तुम्ही फोनवर एवढंच विचारलंत, "कपॅसिटर काढून रीडिंग घेतलंस का रे?" नव्हतं घेतलं. घेतलं तर रिकाम्या जिगवरच, म्हणजे पीस बसवायच्या चौकटीवरच, तीन!

त्या दिवशी सगळी सांगली आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी बघत बसलेली आणि तुम्ही रेनकोट घालून मिरजेहून आलात. जिगची बॅकेलाईटची प्लेट दमट हवा ओढून बसलीय, वर सोल्डरिंगचा फ्लक्स, करंट कपॅसिटरमधनं नाही तर प्लेटवरनं मीटरमध्ये जातोय हे तुम्ही दाखवलंत. आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) पुसली, ड्रायर मारला, दोन टर्मिनलच्या मध्ये तांब्याची पट्टी लावून ती थेट अर्थला जोडली, म्हणजे पृष्ठभागावरचा करंट मीटरला वळसा घालून जाईल. रिकामं रीडिंग जवळपास शून्यावर आलं.

तरी कपॅसिटर लावला की काटा दोन मायक्रोॲम्पियर इकडंतिकडं नाचायचाच. मी म्हटलं पीसच खराब. तुम्ही म्हणालात थांब, १ मायक्रोफॅरॅडवर व्होल्टेज सेकंदाला १ व्होल्ट जरी सरकलं तरी १ मायक्रोॲम्पियर वाहतोच, आणि पाच हजारात दोन व्होल्ट तुझ्या मीटरला दिसणार आहेत का? शेजारी वेल्डिंग चालू झालं की आमच्या सप्लायचं व्होल्टेज हलत होतं. चांगला रेग्युलेटेड, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा, सप्लाय लावला, चार्ज झाल्यावर मिनिटभर थांबून रीडिंग घेतलं, ३८ पैकी ३६ पीस पास.

आणि एक, हे जास्त महत्त्वाचं. डिस्चार्ज केलेल्या पीसला मी हात लावायला गेलो तेव्हा तुम्ही मनगट धरलंत. शॉर्ट काढल्यावर त्यात व्होल्टेज परत चढतं हे मी फक्त वाचलेलं, तुम्ही मीटर लावून चढताना दाखवलंत. आता रेझिस्टरवाल्या रॉडनं डिस्चार्ज केला की शॉर्टिंग वायर तशीच बांधून ठेवतो, नवीन पोरांनाही तेच शिकवतो.

तुम्ही पेट्रोलचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. काकूंना नमस्कार सांगा, रविवारी आईनं केलेल्या पुरणपोळ्या घेऊन येतोय, नाही म्हणू नका.

तुमचाच,
कुपवाडचा टेस्टिंगवाला पोरगा