विंडोज परत टाकलं, उबुंटू वाचलं... आभार!

परभणीत भर उन्हाळ्यात लाईट गेली अन् बॅटरी आधीच मेलेली, त्यामुळं विंडोजचं अपडेट अर्ध्यात लटकलं ते लटकलंच. त्याच लॅपटॉपवर उबुंटू (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) होतं अन् त्यात माझा सगळा प्रोजेक्ट. दुकानवाला म्हणला सगळंच फॉरमॅट मारावं लागंल, मी लॅपटॉप उचलून घरी.

मग ह्या ग्रुपवर तुमी लोक भेटले. नांदेडच्या दादानं रात्री अकराला फोनवर सांगितलं की विंडोज परत टाकताना कस्टम इन्स्टॉल घे (म्हणजे कुठं टाकायचं ते आपणच निवडायचं), फक्त जुन्या सी ड्राईव्हच्या पार्टिशनला (डिस्कच्या तेवढ्या भागाला) हात लाव, अन् ती १०० एमबीची ईएफआय (एक छोटं पार्टिशन) दिसते ना, ती काही केल्या डिलीट करू नको, दोन्हीचे बूटलोडर (सिस्टीम चालू करणारे प्रोग्राम) तिथंच ऱ्हातेत. उबुंटूचं पार्टिशन विंडोजला वाचता येत नाही म्हणून इन्स्टॉलच्या यादीत त्याचं नाव दिसत नाही, नुसती साईज दिसते, तर त्यानं मला आधी साईजा वहीत लिहायला लावल्या. लई कामाला आली ती वही!

विंडोज बसलं अन् चालू केलं तं उबुंटू गायब, पोटात गोळाच आला. लातूरच्या ताई हसल्या, म्हणल्या "अरे कुठं गेलं नाही ते, विंडोजनं बूट ऑर्डरमध्ये, म्हणजे आधी काय चालू व्हायचं त्या यादीत, सोताला पहिलं लावलंय." बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन उबुंटू वर घेतलं अन् ग्रब (उबुंटू का विंडोज ते विचारणारा मेनू) हजर! विंडोजचं फास्ट स्टार्टअप (लवकर चालू व्हावं म्हणून विंडोज पूर्ण बंदच होत नाही ते) बंद करायचं बी त्यांनीच सांगितलं, नाहीतर उबुंटूतून सी ड्राईव्ह नुसता वाचता येतो, लिहिता येत नाही.

दादा, ताई, हुरड्याला या, जेवूनच जायचं.